लठ्ठपणा आणि हिरड्यांचा आजार: फॅमिली डॉक्टरांना हे माहीत नसतं का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, बीएमआय ३३. वर्षभर ब्रश करताना रक्त येतंय. दातांच्या डॉक्टरांनी हिरड्यांचा आजार सांगितला आणि जाता जाता म्हणाले, यात वजनाचाही हात आहे. फॅमिली डॉक्टर पंधरा वर्षांपासूनचे. वजनावरून दर भेटीत बोलतात, पण हे विचारल्यावर हसले. "हिरड्यांचा आणि वजनाचा काय संबंध? दात नीट घासा." दोघांपैकी खरं कोणाचं? आणि संबंध असेल तर इतक्या वर्षांच्या डॉक्टरांना तो माहीत नसावा का?

संबंध आहे. तो किती घट्ट आहे यावर आमच्यातच वाद आहेत, पण अजिबात नाही असं हिरड्यांवर काम करणारं कोणी आज म्हणणार नाही. तेव्हा त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तरी तुमच्या डॉक्टरांवर रागावण्याआधी माझी कबुली ऐका. मी हिरड्यांचीच डॉक्टर, बावीस वर्षं हेच काम करते, आणि त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी एकाही पेशंटला वजनाबद्दल विचारलेलं नाही. तेव्हा जे सांगणार आहे त्यात त्यांच्या बाजूचंही बरंच आहे.

आधी तुमच्या तोंडात काय चाललंय ते बघू. दातांवर रोज जिवाणूंचा एक पांढरट, चिकट थर बसतो. तो तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. त्याला आपण कीटण म्हणतो. थराला लागून असलेली हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येतं. इथवर थांबलं तर सगळं परत जागेवर येतं. काही जणांत मात्र सूज खाली उतरते, दाताला धरून ठेवणारे तंतू सुटतात आणि हाड झिजायला लागतं. लोक याला पायोरिया म्हणतात, आम्ही पेरिओडोन्टायटिस. झिजलेलं हाड सहसा परत येत नाही. आणि हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं. दुखलं असतं तर तुम्हीही वर्षभर थांबला नसतात.

दात आणि हिरडी यांच्यात एक बारीक खाच असते. तिच्यात आम्ही बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई हलकेच सरकवतो. निरोगी हिरडीत ती तीन मिलिमीटरपर्यंत जाते आणि रक्त येत नाही. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी मोजायचं, म्हणजे २८ दात असतील तर १६८ आकडे. मी बोलत जाते, मदतनीस लिहून घेते: "तीन, दोन, तीन. तीन, पाच, सहा, रक्त." खुर्चीत आडवा पडलेला पेशंट हे ऐकत असतो. त्याला कोणी काही समजावलेलं नसतं, तरी आकडा पाचाच्या वर गेला की त्याची मूठ आवळली जाते.

आजार सगळीकडे पसरलेला असेल तर या खाचांच्या आतली सुजलेली, ओली भिंत उलगडून मोजली तर ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरते असा एक अंदाज आहे. तेवढी वाहती जखम पायावर घेऊन कोणी गेलं, तर तुमचे डॉक्टर त्याची साखर तपासल्याशिवाय सोडणार नाहीत. तोंडात असली की "दात नीट घासा".

आता वजनाकडे. चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार, अशी आमच्या शिक्षणाच्या काळातली समजूत होती. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा नावाचा, दाह पेटवणारा रेणू बाहेर पडताना दिसला आणि ती समजूत मोडायला सुरुवात झाली. आता माहीत आहे की पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी हे एक जागं ऊतक आहे. तिच्यात संरक्षक पेशी येऊन ठाण मांडतात, दाह वाढवणारं इंटरल्युकिन-६ तयार होतं, लेप्टिन हे चरबीतलं संप्रेरक वाढतं, आणि दाहाला आवर घालणारं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होतं. यकृत त्याला प्रतिसाद म्हणून सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन सोडतं. इन्सुलिनला पेशी दाद देईनाशा होतात. शरीरभर एक मंद धग चालू राहते.

हिरडीशी याचा सांधा कुठे जुळतो? हिरड्यांच्या आजारातली एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते: हाड जिवाणू खात नाहीत. जिवाणू चिथावणी देतात, हाड आपल्याच संरक्षण यंत्रणेच्या दंगलीत झिजतं. म्हणून दोन माणसांच्या दातांवर सारखाच थर असतो, पण एकाची हिरडी जराशी लाल होऊन थांबते आणि दुसऱ्याचा दात दहा वर्षांत हलायला लागतो. दंगल किती पेटेल हे बरंचसं त्या माणसाच्या शरीरावर ठरतं. जिथे धग आधीच चालू आहे तिथे ठिणगी लवकर पकडते. वजनाचा हात म्हणतात तो इथे. चरबीमुळे दातांवर थर बसत नाही. बसलेल्या थरावर शरीर गरजेपेक्षा जास्त भडकतं.

याचा पुरावा कधीपासूनचा? १९७७ मध्ये लठ्ठ आणि सडपातळ उंदरांच्या हिरड्यांत मुद्दाम आजार निर्माण करून बघितला, तेव्हा लठ्ठ उंदरांचं हाड जास्त झिजलं. तो प्रयोग वीस वर्षं कोणी फारसा मनावर घेतला नाही. १९९८ मध्ये जपानमधल्या २४१ निरोगी प्रौढांवरचा एक छोटा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पत्राच्या रूपात आला. बीएमआय ३० च्या वर असणाऱ्यांत हिरड्यांच्या आजाराचा धोका सडपातळ लोकांच्या तुलनेत आठपटीहून जास्त, असं त्यात होतं. आकडा डोळे विस्फारणारा होता, आणि लहान अभ्यासांत असे आकडे येतात. २००३ मध्ये अमेरिकेतल्या १३,६६५ लोकांच्या राष्ट्रीय पाहणीची माहिती चाळली तेव्हा संबंध तरुणांत, म्हणजे १८ ते ३४ वयोगटात ठळक दिसला. वय वाढलं तसा पुसट झाला. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला तेव्हा लठ्ठ माणसांत आजार आढळण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशाने जास्त निघाली. आठपट नव्हे, एक तृतीयांशाने.

आणि इथे तुमच्या फॅमिली डॉक्टरांची बाजू सुरू होते. गंभीर हिरड्यांच्या आजाराची माणसं जगात शंभर कोटींच्या वर आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज आहे. लठ्ठपणाचा आकडाही त्याच वर्षासाठी शंभर कोटींच्या पलीकडे गेलेला आहे. इतके पसरलेले दोन आजार पुष्कळ माणसांत नुसत्या योगायोगानेही एकत्र भेटणार. शिवाय जे धूम्रपान करतात, ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या खाण्यात साखर फार आहे, ज्यांना कामाच्या रगाड्यात ना व्यायामाला वेळ ना दातांकडे बघायला, त्यांच्यात दोन्ही वाढतं. संशोधक हे सगळं वजा करायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण वजा होत नाही. २०१५ मध्ये जनुकांच्या आधारे कारण-परिणाम तपासून बघितला, तर वजनामुळेच हिरड्या बिघडतात असा मोठा परिणाम त्यात सापडला नाही. लहान परिणाम मात्र त्या पद्धतीला निसटू शकतो.

आणखी एक. २०१७ मध्ये जगभरचे हिरड्यांचे तज्ज्ञ शिकागोला जमले आणि आजाराचं वर्गीकरण नव्याने लिहिलं; ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. आजार किती वेगाने वाढेल याची प्रत (ग्रेड) ठरवताना धोका वाढवणाऱ्या दोनच गोष्टींना त्यात जागा मिळाली: धूम्रपान आणि मधुमेह. दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी, किंवा मधुमेह्याचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ७ किंवा वर, की प्रत सर्वांत वाईट. लठ्ठपणावर चर्चा झाली, पण त्याला या चौकटीत बसवलं नाही. म्हणजे आमच्याच मांडवात त्याला अजून पाट मिळालेला नाही. मग बाहेरच्या डॉक्टरांनी ओळखलं नाही म्हणून त्यांना किती बोलायचं?

फॅमिली डॉक्टरांपर्यंत ही माहिती पोचवायचा सगळ्यात गंभीर प्रयत्न अलीकडचाच आहे. युरोपातल्या हिरड्यांच्या तज्ज्ञांचा महासंघ आणि फॅमिली डॉक्टरांची 'वोंका युरोप' ही संघटना २०२२ मध्ये एकत्र बसली आणि २०२३ मध्ये संयुक्त निवेदन आलं. मथळ्यात काय आहे? हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार. लठ्ठपणा नाही. तेव्हा एखादा डॉक्टर अगदी मन लावून वाचणारा असला तरी त्याच्या डोक्यात "हिरड्या आणि साखर" ही जोडी बसेल, "हिरड्या आणि पोटाचा घेर" ही नाही. मी फॅमिली डॉक्टरांच्या एका बैठकीत बोलायला गेले होते, तेव्हा हिरड्यांचा कशाकशाशी संबंध आहे असं विचारून हात वर करायला सांगितले. मधुमेहावर खोलीतले बहुतेक हात वर. हृदयावर निम्मे, जरा घुटमळत. लठ्ठपणावर दोन हात, आणि त्यातला एक माझ्याच ओळखीतल्या डॉक्टरीणबाईंचा. मला वाटतं, त्यांनी मैत्रीखातर वर केला असावा.

पण माहिती नसणं हे निम्मंच कारण. दुसरं निम्मं सवयीचं आहे. घसा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे गेलात तर काय होतं आठवा. "आ करा." जीभ दाबायची चपटी पट्टी आत जाते, टॉर्चचा झोत टॉन्सिलवर पडतो, तीन सेकंदांत सगळं उरकतं. त्या तीन सेकंदांत नजर दातांच्या दोन रांगांमधून, सुजलेल्या हिरडीवरून, कीटणाच्या पिवळ्या थरावरून सरळ मागे जाते. दिसत नाही असं नाही, बघितलं जात नाही. घर शोधत चाललेल्या माणसाला मधल्या दुकानांच्या पाट्या दिसत नाहीत, तसं.

ही सवय शिक्षणातून आली. १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंतमहाविद्यालय निघालं आणि दातांचं शिक्षण वैद्यकशास्त्राच्या शेजारी, पण वेगळ्या रुळावरून धावायला लागलं. तेव्हापासून तोंड हा जणू शरीराबाहेरचा प्रदेश. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मूत्रपिंडाच्या एकेका नळीचं कार्य पाठ असतं आणि हिरड्यांसाठी अख्ख्या शिक्षणात फारच थोडा वेळ मिळतो. नोंदी वेगळ्या, फाइल वेगळी, दवाखाना वेगळा.

आमच्याकडेही बोट दाखवायला हवं. दातांच्या डॉक्टरांनी फॅमिली डॉक्टरांना पत्र लिहिल्याचं तुम्ही कधी बघितलंय? हृदयाचे डॉक्टर लिहितात, डोळ्यांचे लिहितात. आम्ही दात साफ करतो, पैसे घेतो, सहा महिन्यांनी या म्हणतो. आणि वजनाचा विषय काढायला तर आम्हाला जड जातं. लाज म्हणा, भीती म्हणा. दातासाठी आलेल्या माणसाला वजनावरून बोललं तर तो परत येणार नाही, असं मनात असतं. तुमच्या दंतवैद्यांनी निदान जाता जाता तरी सांगितलं. फक्त ते दाराशी उभं राहून सांगायचं नसतं. बसवून सांगायला हवं होतं.

या दोन रुळांमध्ये माणूस कसा अडकतो ते एका पेशंटवरून सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. पस्तिशीच्या बाई, वजन बरंच. हिरडीवर गळू येऊन आल्या. हिरडी दाबली की पू येत होता. वर्षभरात हे तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळा त्यांना मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक आणि वेदनाशामक गोळी मिळाली होती. चार दिवसांत सूज उतरली, बाईंना वाटलं बरं झालं, गोळ्या देणाऱ्यांनाही तसंच वाटलं. खाली कीटण तसंच. हा प्रकार मला फार वेळा दिसतो. कीटण आणि थर न काढता नुसतं प्रतिजैविक देणं म्हणजे गळक्या नळाखालची फरशी पुसणं. मी मोजलं: मागच्या दाढांना सहा-सात मिलिमीटरचे कप्पे, म्हणजे खोल झालेल्या खाचा, एक्स-रेमध्ये हाड एक तृतीयांशाहून जास्त गेलेलं. सिगारेट नाही. या वयात इतकं हाड जातं तेव्हा मी विचारते, घरात मधुमेह आहे का? होता, आईला. स्वतःची साखर कधी तपासली? गरोदरपणात, आठ वर्षांपूर्वी.

मी दोन ओळींची चिठ्ठी लिहिली आणि बाईंच्या हाती त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवली. एचबीए१सी ७.९ निघालं. आठवड्याभरात त्या डॉक्टरांचा फोन आला, जरा ओशाळलेल्या आवाजात. म्हणाले, "वजनावरून मी त्यांना दर वेळी बोलायचो. तोंड एकदाही बघितलं नाही." मी म्हटलं, मीही त्यांचं वजन बघून आधी गप्पच बसले होते. त्यानंतर आमचं बरं जमलं. बाईंची हिरडी तीन महिन्यांत पुष्कळ सुधारली, रक्त जवळजवळ थांबलं. साखरही उतरली, पण त्या गोळ्याही घेत होत्या, त्यामुळे श्रेय मी माझ्या खात्यावर मांडत नाही. वजन? वजन होतं तिथेच राहिलं.

हे शेवटचं मुद्दाम सांगितलं. तुम्हाला कोणी "वजन उतरवा, हिरड्या आपोआप बऱ्या होतील" असं सांगितलं तर मान डोलवू नका. थर आणि कीटण हातानेच काढावं लागतं. आणि उलटही खरं: हिरड्या साफ केल्याने वजन उतरत नाही. मधुमेहात मात्र हिरड्यांच्या उपचाराचा रक्तातल्या साखरेवर मोजता येण्यासारखा परिणाम होतो. तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ ने कमी झालेलं अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात दिसलं आहे. मला विचाराल तर फॅमिली डॉक्टरांसाठी लठ्ठपणा आणि हिरड्या यांच्यातला सगळ्यात उपयोगाचा धागा इथूनच जातो. वजन जास्त, हिरडीतून रक्त, वय चाळिशीच्या आत: या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की साखर तपासायची. कारण-परिणामाचा वाद मिटेपर्यंत थांबायची गरज नाही. ती तपासणी लठ्ठ माणसाला तशीही हवीच असते; हिरडी फक्त ती लांबणीवर पडू देत नाही.

वजनाने तुमचे उपचार फसतील का, अशीही शंका मनात असेल. २०१४ च्या एका अभ्यासात बीएमआय जास्त असणाऱ्यांचे खोल कप्पे उपचारांनंतर कमी सुधारले, इतर काही अभ्यासांत फरक दिसला नाही. माझ्या खुर्चीतला अनुभव असा की घरी रोज दातांच्या फटी साफ करणारा वजनदार माणूस, न करणाऱ्या सडपातळ माणसापेक्षा कितीतरी चांगला सुधारतो.

आता तुम्ही काय करायचं. दंतवैद्यांकडून त्या १६८ आकड्यांच्या तक्त्याची प्रत मागून घ्या; तो तुमचा हक्काचा कागद आहे. मुळांची सफाई पुढे ढकलू नका. खोल कप्पे असतील तर भूल देऊन, दोन-चार बैठकांत करतात. नंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजायलाच हवं. ही मोजणी न करणारा उपचार अर्धवट समजा. सफाईनंतर दात लांब दिसतील, फटी दिसतील, थंड झोंबेल. दात हलल्यासारखेही वाटू शकतात. कीटणाने त्यांना सिमेंटसारखं धरून ठेवलेलं असतं आणि सूज उतरली की हिरडी खाली जाते, म्हणून. "सफाईने दात खिळखिळे झाले" ही तक्रार मी बावीस वर्षं ऐकतेय आणि प्रत्येक वेळी एक्स-रे काढून दाखवते की हाड आधीच गेलेलं होतं. घरी नुसता ब्रश पुरत नाही, दोन दातांमधल्या फटींत जाणारा छोटा ब्रश रोज वापरा. रक्त येतं म्हणून तिथे घासणं सोडू नका. रक्त येतं म्हणूनच तिथे घासायचं.

खुर्चीबद्दल संकोच असेल तर वेळ घेताना फोनवरच विचारा: खुर्ची किती वजनाची आहे, मान उंच ठेवून काम करता येईल का. पूर्ण आडवं पडल्यावर जड माणसाला दम लागतो, घशाशी आंबट येतं. हे आम्हाला नवीन नसतं, पण आधी कळलं तर वेळ जास्त ठेवता येतो. रात्री मोठ्याने घोरत असाल, तोंड उघडं टाकून झोपत असाल तर तेही सांगा. लठ्ठपणात झोपेत श्वास अडकण्याचा त्रास पुष्कळांना असतो, आणि तोंडाने श्वास घेणाऱ्याच्या वरच्या पुढच्या दातांवरची हिरडी कोरडी पडून लालचुटूक, चकचकीत दिसते. मी कधी कधी हिरडी बघून घोरण्याबद्दल विचारते आणि पेशंटआधी शेजारी बसलेला नवरा किंवा बायको उत्तर देते.

वजन उतरवण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं चालू केली असतील किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर आधी तोंड तपासून घ्या. दोन्हींत मळमळ, उलट्या होऊ शकतात. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. आम्लाने मऊ झालेलं दातावरचं आवरण घासून जातं. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास थांबा. शस्त्रक्रियेनंतर घास बारीक चावून खावा लागतो, आणि त्यासाठी हलणारे दात काही कामाचे नाहीत.

त्यावरून एक गोष्ट आठवली, फॅमिली डॉक्टर वाचत असतील तर त्यांच्यासाठी. वजनदार पेशंटला "कच्च्या भाज्या खा, फळं खा, सावकाश चावून खा" असं सांगता, तेव्हा त्याला दाढा आहेत का हे बघितलंय? दाढा नसलेला, हिरड्या दुखणारा माणूस मऊ, पिठूळ, गोड खातो; गिळायला तेच सोपं असतं. वजन वाढतं, आणि तुम्ही म्हणता हा ऐकत नाही. हिरड्यांपासून वजनाकडे जाणारी ही वाट मोठ्या अभ्यासांत फारशी सापडत नाही, पण माझ्या खुर्चीत रोज बसते.

त्याच डॉक्टरांनी आणखी एवढं केलं तरी पुरे. रक्तदाब मोजताना विचारायचं: घासताना रक्त येतं का, एखादा दात हलतो का. मग "आ करा" म्हणायच्या आधी बोटाने खालचा ओठ जरा ओढायचा आणि खालच्या पुढच्या दातांची हिरडी बघायची. मग जीभ वर करायला सांगून त्याच दातांची आतली बाजू. कीटण सगळ्यात आधी तिथे साठतं, टॉर्चच्या उजेडात सहज दिसतं. दोन दातांमधली हिरडी टोकदार नसून फुगलेली, जांभळट दिसली, पू दिसला किंवा दात बोटाने हलला की चिठ्ठी लिहायची. अर्धं मिनिट लागतं, मी घड्याळ लावून बघितलंय. एक फसवी जागा सांगून ठेवते: सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं. तिथे रक्त नाही म्हणून आजार नाही, असं समजायचं नाही. आणि रक्तदाब मोजताय तर जाड दंडाला मोठा पट्टा लावा. लहान पट्ट्याने आकडा खोटाच चढतो, आणि मग गोळी सुरू होते.

गोळीवरून तुम्हाला एक विचारायचं राहिलं. तुमच्या प्रश्नात कुठल्या औषधांचा उल्लेख नाही. या वजनाला रक्तदाबाची गोळी चालू असण्याची शक्यता आहे, आणि ती अ‍ॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन असेल तर काही जणांत हिरडी वाढून दातांवर चढते, थर जास्त असेल तर जास्तच. मग रक्त येण्याचं एक कारण गोळीतही असू शकतं. ती तुमच्या मनाने बंद करू नका. गोळीचं पाकीट दंतवैद्यांना दाखवा, तक्त्याची प्रत फॅमिली डॉक्टरांना. गोळी बदलायची का हे तेच ठरवतील, आणि या वेळी हसणार नाहीत असं मला वाटतं.